वेलीनं सोडलेली जागा

१

सकाळी लॅपटॉपचं बटण दाबायचं आणि कणीक मळायला आत जायचं, अशी कामिनीला सवयच लागून गेली होती. तवा तापायचा, पोळ्या उतरायच्या, तिचा नवरा ललित डबा घेऊन दुकानाकडे निघून जायचा, तरी पडद्यावरचं ते गोल गोल फिरणं चालूच असायचं. आणि आतून आवाज. कुर्र, कुर्र, मग एकदम शांत, मग पुन्हा कुर्र.

"तुना तो डबा सुपारी कातरस का काय?" धुरपदाबाई विचारायच्या. ललितची आई. नवरा गेल्यावर धुळ्याकडचं गाव सोडून त्या जळगावला मुलाजवळ राहायला आल्या, पण बोली गावाचीच राहिली.

"कातरू द्या, आई. तोच पोटाला देतो," कामिनी म्हणायची.

ते खरंच होतं. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणतात. त्यातल्या रुपचंदशेठच्या कारखान्यासाठी कामिनी घरी बसून नक्षी काढून द्यायची. वेली, मोर, कोयऱ्या, देवळाच्या कमानी. तिनं पडद्यावर काढलेली रेघ मागावर जायची आणि चटई होऊन कुणाच्या तरी ओसरीत पसरायची. कित्येक वर्षांचं सगळं काम त्या एका लॅपटॉपमध्ये होतं. लग्नसराईचा माल सुरू व्हायच्या तोंडावर एक दिवस त्यातली फाईल उघडेचना, तेव्हा तिचा जीव घाबरा झाला. तशीच रिक्षा करून ती अरशदकडे गेली.

अरशद तिच्याबरोबर कॉम्प्युटरच्या कोर्सला होता. आता स्टेशनकडच्या एका गल्लीत जिन्याखाली त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं लॅपटॉप कानाला लावला, डॉक्टरासारखा.

"मशीन चांगलंय, ताई. आतली हार्डडिस्क थकली. एसएसडी टाकून देतो, नव्या जातीची डिस्क. पण आधी जुनीवरचं सगळं नवीवर उतरवून घेऊ. क्लोन. रेघ न् रेघ जशीच्या तशी येईल, बघा."

त्यानं नवी डिस्क केबलनं जोडली आणि नक्कल सुरू केली. दुपार तिथंच गेली. पंख्याखाली स्टुलावर बसून कामिनी त्या पट्टीकडे बघत होती. पट्टी भरत आली, भरली, आणि भरल्यावरही क्षणभर चालत राहिली. मग थांबली.

अरशदनं दोन्हीकडची जागा ताडून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काय झालं?"

"काही नाही. नवीवर थोडं जास्त दिसतंय. एखाद्या बारक्या फाईलइतकं." त्यानं पुन्हा पाहिलं. "मोजायची पद्धत वेगळी असते कधी कधी. कमी आलं असतं तर काळजी होती. जास्त येऊन काय बिघडतंय?"

त्यानं पाठीमागचे स्क्रू काढले, जुनी डिस्क खाचेतून सरकवून बाहेर घेतली, नवी बसवली. जुनी एका चंदेरी पिशवीत घालून तिच्या हातात दिली. "ही लगेच फेकू नका. थोडे दिवस असू द्या."

घरी येऊन कामिनीनं बटण दाबलं. पदर खोचेपर्यंत लॅपटॉप सुरू झालेला होता. फायली बोट लावताच उघडत होत्या. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण आतून काहीच आवाज येत नव्हता. ती काम करत होती आणि तिचे कान कशाची तरी वाट बघत होते.

२

रुपचंदशेठला मागच्या वर्षी चाललेली मोगरवेल नव्या रंगात हवी होती. सोपी नक्षी. चटईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ धावणाऱ्या वेली आणि मधून मधून कळ्या. कामिनीनं ती स्वतः काढलेली, डोळे मिटून पुन्हा काढू शकेल अशी.

रंग बदलून तिनं सगळी चटई पडद्यावर लहान करून पाहिली, आणि तिला मधोमध काहीतरी खुपलं. तिथं वेली सरळ जात नव्हत्या. किंचित वाकून, एका जागेला वळसा घालून, पुढं पुन्हा सरळ होत होत्या. नदीत दगड असला म्हणजे पाणी जसं जातं तसं. जागा रिकामी नव्हती, तिथंही कळ्या होत्या. पण वेलींनी ती सोडलेली होती.

आपल्याच हातून कधीतरी झालं असेल, असं तिला वाटलं. तिनं वेली सरळ केल्या, फाईल जतन केली, सहज पुन्हा उघडली. वेली वाकलेल्या.

तिनं अरशदला फोन लावला.

"जतन झालं नसेल, ताई. पुन्हा करून बघा."

"दोनदा केलं."

"डिस्क खराब असती तर फाईल उघडलीच नसती. किंवा सगळा चुरा दिसला असता. एवढं नीट वळण घेऊन डिस्क बिघडत नाही." तो हसला. "तुमचाच हात लागला असेल."

कारखान्यातून फोनवर फोन येत होते. कामिनीनं शेवटी वेली सरळ केल्या आणि फाईल बंदही न करता, समोर सरळ दिसत असतानाच पाठवून दिली. आता काही होणं शक्य नव्हतं.

आठवड्याभरानं रुपचंदशेठनं पहिल्या मालातली एक चटई घरी पाठवली आणि मागून फोन केला. "वहिनी, वेलीला मधे झोक दिला तो फार छान दिसतो हां. वेगळंच काहीतरी आहे. व्यापाऱ्यांनी हातोहात उचलला माल."

कामिनीनं चटई पुढच्या खोलीत उलगडली. मधोमध वेली वळसा घालून गेल्या होत्या.

३

उन्हाळा लागला होता. शेजारच्या भागाबाई आणि गल्लीतल्या बाया बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, लाटायला कामिनीकडे जमल्या. पुढची खोली ऐसपैस, म्हणून दरवर्षी हिच्याकडेच. चटई अंथरलेली होती, पोळपाट आले, ज्वारीच्या उंड्यांची परात आली, बोलणी सुरू झाली.

कामिनी आतून तेलाची वाटी घेऊन आली आणि दारात थबकली. बाया कडेकडेनं, भिंतीला पाठ लावून, गुडघ्याला गुडघा भिडवून बसल्या होत्या. एकीचा पोळपाट अर्धा फरशीवर आलेला. आणि चटईच्या मधोमध एका माणसाची जागा मोकळी.

"अहो, मधे बसा की. एवढी दाटी कशाला?"

सगळ्यांनी मधे पाहिलं. कुणी हललं नाही.

"राहू दे ना," भागाबाई म्हणाल्या. "तिथं अवघडल्यासारखं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय... बसलोय ना इथं नीट." त्यांना स्वतःलाही सांगता येईना. त्या लाटायला लागल्या.

तेवढ्यात धुरपदाबाई मागच्या मोरीतून पाय धुऊन आल्या. त्यांचे गुडघे दुखायचे, कुठं बसावं म्हणून त्यांनी नजर फिरवली आणि त्या मोकळ्या जागेशी येऊन थांबल्या.

"आठे कोनी बसेल शे का?"

क्षणभर लाटणी थांबली.

"नाही, आई. कुणी नाही."

"मंग ठीक." पण त्या बसल्या नाहीत. खाटेकडे गेल्या.

संध्याकाळी बाया गेल्यावर कामिनीनं चटई झाडली. पिठाचा पांढरा थर सगळीकडे बसला होता. मधे तेवढा नव्हता. तिथं कुणी लाटतच नव्हतं, मग पीठ कसं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. हे पटण्यासारखं होतं. तरी तिनं चटई गुंडाळताना त्या जागेला हात लागू दिला नाही, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

४

दुसऱ्या दिवशी ललित रावेरकडे गेला. तो ठिबकच्या दुकानात कामाला होता, केळीच्या बागा हिंडत असायचा. धुरपदाबाई खाटेवर पडल्या होत्या. कामिनीनं ती चंदेरी पिशवी काढली, जुनी डिस्क केबलनं लॅपटॉपला जोडली. कुर्र, कुर्र. तो आवाज ऐकून तिला बरं वाटलं.

जुन्या डिस्कवरची मोगरवेल तिनं उघडली. सरळ. अगदी सुतासारखी.

मग तिनं तिच्या कामात नेहमी करतात ती गोष्ट केली. दोन्ही नक्ष्या एकावर एक ठेवल्या आणि सारखं होतं तेवढं पुसून टाकलं. फरक तेवढा उरला.

पडद्यावर एक आकार होता. आधी तिला काहीच कळलं नाही. गोल, त्याच्या खाली रुंद काहीतरी, पुढं दोन उंचवटे. मग ध्यानात आलं की चटई आपण वरून बघतो. वरून पाहिलं तर ते डोकं होतं, ते खांदे, आणि ते पोटाशी घेतलेले गुडघे.

माणसाचं डोकं कशातही माणूस बघतं. ढगात बघतं, भिंतीच्या ओलीत बघतं. कामिनीनं स्वतःला हे सांगितलं आणि दुसरी नक्षी उघडली. मोरांची. मग कोयऱ्यांची. मग कमानींची, जी कधी विणलीच गेली नव्हती. नव्या डिस्कवरच्या प्रत्येक नक्षीत मधोमध तो बसलेला होता. जुन्या डिस्कवर एकीतही नव्हता. कोयऱ्यांच्या नक्षीत त्यानं मान वळवलेली होती. कमानींच्या नक्षीत एक हात बाजूला लांब केला होता आणि पंजा जमिनीवर टेकवला होता, शेजारी बसायला सांगावं तसा.

तिनं लॅपटॉप मिटला. घरात कुठंही आवाज नव्हता. खाटेवर सासूबाई झोपलेल्या, पंखा फिरतोय, बाहेर ऊन. पुढच्या खोलीकडे पाठ करून बसवेना, म्हणून ती उठून भिंतीला टेकून बसली.

रुपचंदशेठला तिनं फोन केला. "ती मोगरवेल थांबवा. नक्षीत चूक झालीय माझी."

"कसली चूक? वहिनी, पिंपळनेरपासून मुक्ताईनगरपर्यंत गेला माल. आता कुठून परत आणू? आणि लोकांना आवडतो. खोली मोकळी मोकळी वाटते म्हणतात."

चटई तिनं माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागं टाकून दिली.

५

ललितची मामेबहीण दिपमाला धुळ्याला देवपुरात राहायची. तिच्या मुलीचा साखरपुडा होता. धुरपदाबाईंच्या माहेरचं कार्य, त्या दोन दिवस आधीपासून खुशीत होत्या. बसमध्ये पारोळा मागं पडल्यावर त्या गाणंही गुणगुणल्या.

दिपमालाच्या घरावरच्या गच्चीत मांडव घातला होता. विधी झाला, पंगत बसायची वेळ झाली. कामिनी जिना चढून वर आली आणि शेवटच्या पायरीवरच थांबली.

सगळीकडे मोगरवेल अंथरलेली होती. कडेला कडा लावून चटयाच चटया. कार्यासाठी एकदम घेतल्या असणार. माणसं खचाखच भरली होती, काही कठड्याला टेकून उभी होती, पोरं मांडीवर घेतली होती. आणि प्रत्येक चटईच्या मधे एक जागा मोकळी. वरून कुणी पाहिलं असतं तर रांगेनं दिसल्या असत्या. कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. माणसं बोलत होती, हसत होती, शेजाऱ्याच्या कोपराचा धक्का सोसत होती.

"आई, आपण खाली बसू. खाली पंखा आहे," कामिनी म्हणाली आणि वळली. धुरपदाबाई मागं नव्हत्या. त्या पुढं गेल्या होत्या.

"मना पाय दुखी ऱ्हायनात," त्या कुणाला तरी सांगत होत्या. "आनि तुम्ही येवढी बठ्ठी जागा सोडी बसनात."

"आई, तिथं नको!"

मांडवात गलका होता. धुरपदाबाईंनी शेजारच्या बाईच्या खांद्याचा आधार घेतला आणि त्या मधल्या जागेत बसल्या. हुश्श केलं. पदरानं तोंड पुसलं.

गच्चीवरचं बोलणं थांबलं. पुरं थांबलं नाही. सगळेजण एकाच वेळी श्वास घ्यायला थांबावेत तेवढंच. मग पुन्हा सुरू झालं.

पत्रावळी आल्या. दिपमालाचा दीर लोटन वाढत होता. बट्टी, वरण, वांग्याची घोटलेली भाजी. तो धुरपदाबाईंच्या अलीकडच्या बाईला वाढून पलीकडच्या बाईला वाढायला गेला.

"ओ भाऊ," धुरपदाबाई म्हणाल्या. "माले राहीनं."

लोटन पुढं गेला.

"ओ लोटनभाऊ!" आता कामिनी ओरडली. तो वळला. "आईंना वाढलं नाही तुम्ही."

"कुणाला?" त्यानं रांगेवरून नजर फिरवली. नजर धुरपदाबाईंवरून सरकून पुढं गेली, मागं आली, आणि मग कुठंतरी अडकल्यासारखी थांबली. "अरे! आत्या! माफ करा बरं, गर्दीत दिसल्याच नाही."

धुरपदाबाई हसल्या. मुकाट्यानं जेवल्या. पण बट्टी कुस्करताना मधूनच त्या आपल्या पाठीमागं बघत होत्या.

निघताना ललितनं रिक्षा ठरवली, कामिनीला बसवलं, स्वतः बसला आणि "चला" म्हणाला.

"अहो, आई?"

त्यानं चमकून फाटकाकडे पाहिलं. धुरपदाबाई तिथं पिशवी धरून उभ्या होत्या. "बघ की, डोकंच चालत नाहीये उन्हानं," तो म्हणाला आणि हसत त्यांना हात द्यायला उतरला. कामिनीला हसू आलं नाही.

६

त्यानंतरचे दिवस कामिनीला नीट एकामागं एक आठवत नसत.

ललित संध्याकाळी बाहेरून उसाचा रस आणायचा तो दोनच प्याले भरेल एवढा. टीव्ही लावायचा तर धुरपदाबाई बघत असलेला कार्यक्रम न विचारता बदलायचा. कामिनी त्याला बोलायची. तो ओशाळायचा, आईजवळ जाऊन बसायचा, पाय चेपून द्यायचा. तासाभरानं पुन्हा तेच.

म्हाताऱ्या माणसांचं असंच होतं, कामिनी मनाशी म्हणायची. घरोघरी होतं. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलतात, त्यांना मधे टाकून निर्णय घेतात. त्याला चटई लागत नाही. हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळंच तिला धीर येत नव्हता.

एके दुपारी धुरपदाबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. "कामिनी, आज तू माले चहा दिना नही."

कामिनीनं ओट्याकडे पाहिलं. तिचा स्वतःचा कप धुऊन पालथा घातलेला होता.

"राग नको मानूस. तुना दोष नही शे." धुरपदाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. "लल्या मनाकडे दखस, पन माले दखत नही. भागाबाई दारवरथून गयी, मी हाक मारी, तिनी वळीसन दखं नही. पयले माले वाईट वाटे."

"आणि आता?"

"आते तितलं वाटत नही. बसाले जागा शे. आनि सोबत शे."

"कुणाची सोबत, आई?"

धुरपदाबाई जराशा बाजूला सरकल्या, कुणाला तरी जागा करून दिल्यासारख्या.

कामिनीनं त्याच क्षणी लॅपटॉप आणि जुन्या डिस्कची पिशवी उचलली आणि ती अरशदकडे गेली. "जुनी डिस्क परत बसव. मला हा वेग नको."

"ताई, जुनी कधी जाईल सांगता येत नाही."

"जाऊ दे."

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. स्क्रू काढले, नवी बाहेर, जुनी आत. कुर्र, कुर्र. मोगरवेल उघडली, वेली सरळ. नवी डिस्क त्यानं तिच्यासमोर पुसून टाकली. पुसल्यावर पडद्यावर बघत राहिला.

"थोडी जागा भरलेली दाखवतंय अजून," तो सावकाश म्हणाला. "पुसल्यावर थोडं राहतंच तसं." पण हे म्हणताना त्यानं ती डिस्क टेबलावरून उचलली नाही. फडक्यानं लोटत कडेला सारली.

घरी परत येताना कामिनीला हलकं वाटत होतं. तिनं दारातूनच हाक मारली. धुरपदाबाईंनी ओ दिली, तिनं त्यांना चहा करून दिला, समोर बसून प्यायला लावला. दुसऱ्या दिवशीही दिला. त्याच्या पुढच्या दिवशी दिला की नाही, ते तिला आठवत नाही.

७

"ही साडी कुणाची वाळत घातलीयस?" ललितनं सकाळी विचारलं. तो बूट चढवत होता. मागच्या दारी तारेवर एक हिरवं लुगडं होतं.

"भागाबाईंची असेल. उडून आली असेल वाऱ्यानं," कामिनी म्हणाली. पोळी भाजत होती, तिनं नीट पाहिलंही नाही.

ललित गेला. ती कामाला बसली. लॅपटॉप सुरू व्हायला वेळ घेत होता. दुपारी ऊन कलल्यावर ती कपडे काढायला मागं गेली. तारेवरून ते लुगडं ओढलं आणि घडी घालायला लागली. घडी सरेना. लांबच लांब होतं.

भागाबाई नऊवार नेसत नाहीत.

ती तशीच उभी राहिली. लुगडं नाकाशी नेलं. धुतल्यावरही त्याला सांधेदुखीच्या तेलाचा वास होता. मग ते सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. मोरीत सकाळी दोनच ताटं होती. काल रात्रीही दोनच.

"आई!"

आतली खोली. खाट नीट आवरलेली, घोंगडी घडी करून पायथ्याशी. स्वयंपाकघर. मोरी. "आई, कुठं आहात? आई!"

पुढच्या खोलीतून बांगड्यांचा बारीक आवाज आला.

माळ्यावर टाकलेली चटई खोलीत अंथरलेली होती. तिनं काढली नव्हती. ललितनं काढली असती तर तो बोलला असता. आणि धुरपदाबाईंना शिडी चढता येत नव्हती. वेली या टोकाकडून येत होत्या, मधे वळसा घेत होत्या, आणि त्या टोकाला जात होत्या. खोलीत कुणी नव्हतं.

बांगड्या पुन्हा वाजल्या. तिच्यापासून हातभर अंतरावर.

कामिनी खाली वाकली आणि भीत भीत हात पुढं केला. तिच्या बोटांना एक पंजा लागला. सुरकुतलेला, गरम, ओळखीचा. डोळ्यांना तिथं काहीच दिसत नव्हतं. त्या पंजानं तिची बोटं घट्ट धरली आणि त्या धरण्यातच कामिनीला कळलं, की या बाईला दोन दिवस कुणी हाक मारलेली नाही, पाणी विचारलेलं नाही, आणि ती तरीही रागावलेली नाही.

पळून जाता आलं असतं. दार उघडं होतं, बाहेर गल्लीत भाजीवाल्याचा आवाज येत होता. हात सोडवून घेणं जमलं असतं. तसं केलं तर संध्याकाळपर्यंत आपण ते लुगडं भागाबाईंकडे नेऊन देऊ, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि त्यानंतर आपल्याला काहीही वाटणार नाही.

ती चटईवर आली, गुडघे पोटाशी घेतले आणि त्या हाताशेजारी बसली.

खालची जागा उबदार होती. बऱ्याच वेळापासून कुणी बसून असावं तशी.

"उनी का, माय?" धुरपदाबाई म्हणाल्या. त्या तिच्या अगदी जवळ होत्या, तशाच, कपाळावर गोंदण, पदर डोक्यावर. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "ये, बस."

कामिनीनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. मग मान वर केली.

खोली भरलेली होती. भिंतींच्या कडेनं, दारापर्यंत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत, गुडघे पोटाशी घेऊन, खांद्याला खांदा लावून. चेहरे तिला नीट दिसले नाहीत, तिनं दिसू दिले नाहीत. फक्त एवढं कळलं की सगळ्यांची तोंडं तिच्याकडे आहेत, कार्यात उशिरा आलेल्या पाहुण्याकडे बघावं तशी. मग, न बोलता, ते थोडे थोडे सरकले आणि त्यांनी तिला जागा करून दिली.

बाहेर ललितची गाडी थांबली. तो आत आला, चावी खिळ्याला लावली, घामेजलेला शर्ट झटकला.

"कामिनी?"

"अहो, इथं आहे. इथंच आहे मी!"

तो स्वयंपाकघरात डोकावला, आतल्या खोलीत गेला, परत आला. चटईच्या कडेवर उभा राहिला, तिच्या समोर.

"कामि..." त्यानं पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं आणि थांबला. काय म्हणायचं होतं ते आठवत असल्यासारखा थोडा वेळ तसाच उभा राहिला.

मग त्यानं पंखा लावला आणि भिंतीशी, कडेला, अंग चोरून बसला.